पक्ष्याच्या पायातली कडी

पक्षी-वलयांकन (पायात क्रमांकाची हलकी धातूची कडी घालणे) म्हणजे पक्ष्याला माग काढणारे यंत्र बसवणे, असा समज सर्रास आढळतो. ते यंत्र वेगळे. कडीत बॅटरी नसते, उपग्रहाशी जोडणीही नसते. तिचे काम गाडीच्या नंबरप्लेटसारखे : कोणी वाचली तरच ठावठिकाणा कळतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी वलयांकनाचे काम १९२७ पासून करते.

कडी घालण्यासाठी पक्षी पकडायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगी लागते. हौसेने जाळी लावणे गुन्हाच. निरीक्षणाला मात्र आडकाठी नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. पाणपक्षी पाहायला सिल्लोड तालुक्यातल्या लोकांना जिल्ह्यातलेच जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. आपल्या गावचा पाझर तलावही कमी मोलाचा नाही. कडी दिसल्यास क्रमांक, ठिकाण आणि तारीख सोसायटीला कळवावी. जिवंत पक्ष्याची कडी काढू नये.