रेघ कुणाची?

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव २०२२ मध्ये एका भोंग्यामुळे देशभर गाजलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत हात लावायचा नाही, असं तीनेक हजार वस्तीच्या या गावानं ठरवलं. बातमी वाचून पुष्कळांनी अर्थ काढला की गावानं मोबाईल हद्दपार केला. तसं काही नव्हतं. कोरोनात शाळा मोबाईलवर भरली, शाळा उघडल्यावरही तो पोरांच्या हातून सुटेना, म्हणून दिवसातला दीड तास गावानं राखून ठेवला. बाकीच्या वेळेचं काय करायचं, हे ज्याच्या त्याच्या घरावर सोपवलं.

त्या बाकीच्या वेळेत साताऱ्यापासून सांगलीपर्यंत घराघरांत एक तडजोड चालते. ‘गेम नको खेळू, चित्राचं अ‍ॅप लाव.’ कार्टून बघण्यापेक्षा बरं, पोर काहीतरी शिकतंय, असं म्हणून आई कुकर लावायला मोकळी. ही समजूत अर्धीच खरी आहे. चित्रांच्या अ‍ॅपभोवती असे बरेच समज-गैरसमज साठलेत, आणि गंमत म्हणजे अ‍ॅपचे भक्त आणि अ‍ॅपचे वैरी या दोघांच्याही पदरात ते आहेत.

‘पोर रंग भरतंय, म्हणजे चित्रकला चाललीये’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. रंग भरायचं नेहमीचं अ‍ॅप जरा जवळून बघा. पडद्यावर आंबा येतो, काळ्या जाड रेघेत आधीच काढलेला. खाली रंगांच्या डब्या. पिवळ्या डबीवर बोट, मग आंब्यावर बोट, की क्षणात आंबा पिवळाधमक. रंग रेघेबाहेर जात नाही, जाऊच शकत नाही. लगेच टाळ्या वाजतात, चांदण्या उडतात आणि पुढचं पान उघडतं. आकार अ‍ॅपनं ठरवला, कड अ‍ॅपनं सांभाळली, शाबासकीही अ‍ॅपनंच दिली. पोरानं दोनदा बोट टेकवलं.

आता त्याच पोराला कोरं पान देऊन सांगा, बेंदराचा बैल काढ. आपल्याकडे आषाढात मातीचे बैल घरोघर पुजले जातात, त्यामुळे बैल त्यानं हातात घेऊन पाहिलेला असतो. तरी बोट अडतं. वशिंड मानेपाशी की पाठीच्या मधोमध? बाजूनं बघितलं तर पाय दोन दिसतात की चार? शिंगं कुठं वळतात? आटपाडी-माण भागातल्या खिलार बैलाची शिंगं आधी मागं जातात आणि मग वर उठून टोकदार होतात. हे रोज बघणाऱ्या पोरालाही काढायला बसेपर्यंत ‘दिसलेलं’ नसतं. मग ते उठून गोठ्यात जाऊन बघून येतं. शिकणं म्हणतात ते या उठून जाण्यात आहे, आणि आंब्याच्या अ‍ॅपमध्ये उठायचं कारणच पडत नाही.

छापील रंगवहीवरही हाच आक्षेप जुना आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकानं १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात रंगवह्यांवर कडक टीका केली होती. तयार चित्रं रंगवत राहिलेल्या मुलाचा स्वतःच्या रेघेवरचा भरवसा जातो आणि ‘मला येत नाही’ हे वाक्य तोंडी बसतं, असं त्याचं म्हणणं. मला ते जरा टोकाचं वाटतं. दमल्याभागल्या पोरानं घटकाभर रंग भरले म्हणून काही बिघडत नाही. पण निदान रंगवहीत कड सांभाळायला हाताला कष्ट तरी पडतात. अ‍ॅपनं तेही काढून घेतले.

म्हणून अ‍ॅप निवडताना एकच गोष्ट पाहावी: उघडल्यावर कोरं पान येतं का? येत असेल तर पुढचं बोलू.

‘बोटानं गिरवलं की अक्षराला वळण येतं’

ठिपक्यांवरून बोट फिरवून ‘अ’ पुरा करायचा आणि घंटी वाजवायची, अशी अ‍ॅप्स बालवाडीच्या पालकांत फार लाडकी आहेत. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे दिली: बघून मोकळ्या हातानं काढायची, ठिपक्यांवरून गिरवायची, किंवा कळ दाबून उमटवायची. नंतर तीच अक्षरं दाखवत मेंदूचा स्कॅन घेतला. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांना पाहून जागे झाले. गिरवलेल्या आणि कळ दाबलेल्या अक्षरांना तसा प्रतिसाद मिळाला नाही. संशोधकांचा अंदाज असा, की मोकळ्या हातानं काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं, थोडं वेडंवाकडं येतं, आणि त्या वेडेवाकडेपणातूनच अक्षराचा गाभा कशात आहे ते मेंदूला उमगतं.

प्रयोग रोमन अक्षरांवरचा आहे, हे लक्षात ठेवू. पण आपला ‘ळ’ आठवा. पहिलीतल्या पोराचे दहा ‘ळ’ दहा तऱ्हेचे असतात आणि त्यातले चार तर आडवे पडलेले. गिरवायच्या अ‍ॅपमध्ये दहाही सारखेच सुबक येतात. घंटीही दहा वेळा वाजते. शिवाय गुळगुळीत काचेवर बोट घसरतं, पाटीवर पेन्सिल अडते. बोटांत पेन्सिल धरायचा जोर काचेवर येत नाही. अक्षरासाठी पाटी, वही, अंगणातली माती. इथं अ‍ॅपची गरज नाही.

‘कागदावर होतं ते सगळं इथंही, मग अ‍ॅप हवंच कशाला?’

हा दुसऱ्या बाजूचा गैरसमज. कागदावर जे होतं तेच स्क्रीनवर करायचं असेल तर खरंच कशाला? पण काही गोष्टी कागदाला जमत नाहीत.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती जिल्हावार काढते. साताऱ्याच्या पोराला सातारा जिल्हा, सांगलीच्या पोराला सांगली जिल्हा. नकाशात नदी आली की निळी रेघ, आणि जिल्ह्याच्या हद्दीवर तिथंच विषय संपला. आता लेअर असलेलं चित्राचं अ‍ॅप घ्या. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेली पारदर्शक पानं, हवं ते झाकता-उघडता येणारी. पहिल्या पानावर फक्त कृष्णा काढायची, महाबळेश्वरापासून खाली. दुसऱ्या पानावर तिला मिळणाऱ्या नद्या: माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना, ब्रह्मनाळजवळ येरळा, हरिपूरला वारणा. तिसऱ्यावर गावं. चौथ्यावर धरणं, कोयना आणि धोम तर हवीतच. आणि पाचव्या पानावर पूर.

हे पाचवं पान उघडलं-झाकलं की वर्गात जो गलका होतो तो वेगळाच. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपुढे गेलं. ज्या पोरांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं, त्यांना हा आकडा पाठ करायला लावावा लागत नाही. पण पाऊस पडला महाबळेश्वर-कोयनेकडे आणि बुडाली सांगली, हे कोडं नद्यांचं पान वर ठेवून बघितल्याशिवाय सुटत नाही. आणि पोरं तिथं न थांबता विचारतात, की मग हरिपूरला वारणेचं पाणीही भरलेलं असेल तर कृष्णेचं पाणी जाणार कुठं? हा प्रश्न तिसरीच्या पुस्तकाच्या पुढचा आहे. कागदावर हे करायला ट्रेसिंग पेपरचे ताव लागतील. करता येईल, पण कोण करतं?

दुसरी गोष्ट हलत्या चित्राची. पानामागून पान काढून चित्र हलवायची अ‍ॅप्स असतात. त्यात आधीचं चित्र फिकट दिसत राहतं, त्यावरून पुढचं काढायचं. हळदीचं बेणं लावल्यापासून कोंब, पानं आणि जमिनीखाली गड्डा, हे बारा चित्रांत दाखवायचं म्हटलं तर जमिनीच्या खाली काय चाललंय याचा विचार पोराला करावाच लागतो. सांगलीच्या शिवारात उत्तर तपासायला हळदीचं वावर लांब नसतं.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या फायद्याची. काही अ‍ॅप्स चित्र काढतानाची सगळी हालचाल नोंदवून ठेवतात आणि नंतर झरझर पुन्हा दाखवतात. पोरानं आधी काय काढलं, काय पुसलं, कुठं थांबलं ते दिसतं. पुरं झालेल्या कागदावर हे कधीच दिसत नाही. भूमितीची आकृती कुठं चुकली ते शोधायला तर हे फारच कामाचं.

‘चित्र काढणं म्हणजे अभ्यासाला सुट्टी’

दहावीत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या ‘अ’ श्रेणीला ७ गुण वाढीव मिळतात, तेवढ्यापुरती घरात चित्रकलेची चौकशी होते. (ही परीक्षा कागदावरच द्यायची असते. अ‍ॅपवर हात बसला म्हणून तिथं स्मरणचित्र सुधारत नाही, हेही सांगून ठेवतो.) सात गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठानं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत मोलाचे आहेत. लोकांना साधे शब्द दिले. काहींचं चित्र काढायला लावलं, काही नुसते लिहायला. चित्र काढलेले शब्द नंतर बरेच जास्त आठवले. चित्र चांगलं यायची गरज नव्हती. एका शब्दाला चारच सेकंद दिले तरी फरक पडला. प्रयोगातली मंडळी कॉलेजातली होती, शाळकरी मुलं नव्हेत. पण व्याख्या दहादा लिहून घेणाऱ्या शाळांनी एकदा विचार करायला हरकत नाही.

आणि आपल्या भागाला यासाठी कॅनडापर्यंत जायचीही गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले होते. तिथं कळलं की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत. रंग सुटले, रेघ नाही सुटली. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, पुढं तेच शिकवू लागले, आणि त्या रेघांतून लोखंडी नांगर निघाला. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी आधी तो हातात घेईनात. नव्या अवजाराबद्दलच्या गैरसमजांची आपली परंपरा जुनी आहे. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली, आजच्या सांगली जिल्ह्यात. तिला जागा दिली औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, आणि ते स्वतः चित्रकार राजे! रामायणावरची त्यांची चित्रं प्रसिद्ध आहेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं त्यांनी उभारलेलं संग्रहालय अजून पाहता येतं. पोरांना अ‍ॅप द्यायच्या आधी एकदा तिथं नेऊन आणा.

‘त्याला महागडा टॅब, नेट आणि इंग्रजी लागतं’

काहीच लागत नाही. टक्स पेंट हे लहान मुलांसाठीचं चित्रांचं सॉफ्टवेअर २००२ पासून फुकट मिळतं. त्यात जाहिरात नाही. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, मराठीतही चालतं, आणि शाळेच्या संगणक कक्षात धूळ खात पडलेल्या जुन्या मशीनवरही चालतं. उघडलं की कोरं पान. ठसे, जादूचे ब्रश वगैरे आहेत आणि पोरं पहिले काही दिवस त्यातच रमतात, रमू द्यावं.

साधनांच्या तोट्यावर रडणाऱ्यांनी सातारा तालुक्यातलं कुमठे बीटही आठवावं. जिल्हा परिषदेच्या तिथल्या शाळांनी दहा-बारा वर्षांपूर्वी फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडू, खडे आणि काड्या यांवर ज्ञानरचनावादी वर्ग चालवून दाखवले, आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला येत होते. त्या वर्गांत रेघ ओढायचं आणि मांडायचं काम पोरांच्या हातात होतं. ज्या शाळेत ते बाईंच्याच हातात राहतं, तिथं प्रत्येकाला टॅब दिला तरी टॅबवर बाईंचंच चित्र दिसणार.

‘फुकट आहे, आणि चित्रच तर काढतोय’

हे दोन गैरसमज जोडीनं येतात. फुकट अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा दर तिसऱ्या पानाला जाहिरात येते आणि ती बंद करायची फुली पोराच्या बोटापेक्षा बारीक असते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे, पण तुमच्या हातात तूर्त सोपा उपाय आहे: फोन एरोप्लेन मोडवर टाकून द्यायचा. जे अ‍ॅप त्यावर चालत नाही, त्यावर फुली.

आणि चित्र असलं तरी स्क्रीन ती स्क्रीनच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वयात दिवसाला एक तासाच्या आत, पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. यात चित्रांसाठी वेगळी सवलत नाही.

‘आता एआयला सांगितलं की चित्र तयार मिळतं’

हे नवं आहे आणि वेगानं पसरतंय. प्रकल्पवहीसाठी ‘बेंदूर’ असं टाइप करायचं, चित्र घ्यायचं, छापून चिकटवायचं. वॉटरलूच्या त्या प्रयोगांत एका गटाला शब्दाऐवजी तयार चित्र नुसतं बघायला दिलं होतं. त्यांनाही स्वतः काढणाऱ्यांपेक्षा कमीच आठवलं. तेव्हा वहीत चित्र आलं, डोक्यात काही उरलं नाही, असा हा व्यवहार. उलट करून बघा. पोराला आधी स्वतःचा बैल काढू द्या, मग एआयचा मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून त्यालाच चुका काढायला सांगा. शिंगं खिलारची आहेत का, वशिंड आहे का, कासरा कुठून ओवलाय. चूक एआयची निघो की पोराची, ती पटवून द्यायला पुन्हा एकदा गोठ्यात जावंच लागेल.