आजी गेली, इतिहास राहिला पाहिजे

आमच्या आजीने शाळा पाहिली नव्हती, पण बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होत्या. कुणी जन्मतारीख विचारली की ती बेधडक '१४ ऑक्टोबर' सांगायची. "त्याच्या आधी आपल्याला माणसात कोण धरत होतं?" हा तिचा सवाल. १९५६ साली कडेवर लेकरू, डोक्यावर भाकरीचे गाठोडे आणि अंगावर पांढरे लुगडे, अशी ती नागपूरला गेली. परतल्यावर घरातले देव तिने नदीत सोडले. मेलेले ढोर ओढायचे नाही, असे घरातल्या पुरुषांनाही तिने ठणकावले. गावाने मजुरी बंद केली. लेकरांची शाळा मात्र तिने बंद पडू दिली नाही. आम्ही आज चार अक्षरे लिहितो, ती त्या हट्टाची कमाई आहे.

कालकथित आजीची ही कहाणी आमच्या एकट्या घरची नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना पेहराव बदला, मुलींना शिकवा असे सांगितले आणि त्या माऊल्यांनी ते लगेच अमलात आणले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्वाला विरोध केला. हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ साली! प्रस्थापितांच्या स्त्रीमुक्तीच्या इतिहासात या बायांना कितीशी जागा मिळाली? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून या कार्यकर्त्या स्त्रियांना बोलते केले, तेव्हा कुठे १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे राहिले.

१९५६ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशी ओलांडून गेली आहे. दीक्षाभूमीचा तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे भराभर निघून चालली आहेत. पुण्यानुमोदनाला आपण मोठमोठे फलक लावतो, पंगती उठवतो. पण जी गेली तिने काय सोसले, काय नाकारले, याचा एक कागद घरात नसतो.

बांधवांनो, भगिनींनो, आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. आजीजवळ बसा. दीक्षेला कशी गेलीस, बहिष्कारात चूल कशी पेटवलीस, हे विचारा. तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करा, लिहून काढा, विहारात जपून ठेवा. आपला इतिहास दुसरे कुणी लिहिणार नाही. लिहिलाच, तर आपल्या आजीला त्यातून वगळून लिहील.