टिळकांची देवाची ओढ आणि माझ्या आजीचा प्रश्न

मराठीच्या सरांनी वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव काढले, म्हणून मी ते पुस्तक वाचनालयातून शहापूरला घरी नेले. आमच्या घरात यापूर्वी शाळेच्या पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक आलेले नव्हते. आजीला वाचता येत नाही. रात्री भांडी झाली की मी तिला चार-पाच पाने वाचून दाखवू लागले. पुस्तकातील मंडळी ख्रिस्ती होतात हे कळताच तिने पहिला प्रश्न विचारला, “का वो पोरी, बाटाचा इचार हाय का?” मी हसले. परंतु तिचा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्याचे उत्तर शोधताना जे वाचले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

प्रथम रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी. ‘वनवासी फूल’ लिहिणारे कवी आणि बालकवींना घरी ठेवून घेणारे मोठ्या मनाचे गृहस्थ म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. पुढे ते नागपुरास आले, आणि १८९३ साली नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणे झाले, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. ही गाडी आपल्या वरठीच्या, म्हणजे भंडारा रोड स्टेशनावरूनच गेली असली पाहिजे. राजनांदगावचा रेल्वेमार्ग तोच आहे. मराठी काव्याला वळण देणारी ही घटना आपल्या जिल्ह्याच्या अगदी अंगणातून गेली, हे मला तरी कोणी सांगितले नव्हते!

टिळकांनी ते पुस्तक आधी नुसते चाळावे म्हणून उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी येताच मात्र ते थांबले. देशाला तारील असा धर्म कोणता, हा विचार त्यांच्या डोक्यात आधीपासून घोळत होताच. जातिभेदाने समाज पोखरला आहे असे त्यांना वाटे. पण त्या प्रवचनात त्यांना देशाच्या प्रश्नाच्या पलीकडचे काही गवसले. देव हा पिता आहे, त्याच्याशी एकांतात, दार लावून बोलावे, आणि तो ऐकतो, ही ती गोष्ट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत जवळजवळ बरोबर ठरले.

येथे थोडे थांबून ख्रिस्ती श्रद्धेत देवाशी ‘जवळीक’ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, कारण माझीही समजूत आधी चुकीची होती. मला वाटे, धर्म बदलला, नाव नोंदले, रविवारी देवळात गेले की झाले. तसे नाही. त्या श्रद्धेप्रमाणे मनुष्य आणि देव यांच्यामध्ये पापाचे अंतर आहे, आणि ते मनुष्याला आपल्या तपाने तोडता येत नाही. देवच कृपेने खाली येतो. ख्रिस्ताने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत मुलगा घरी पोचण्याआधी बापच धावत बाहेर येतो, तो याच अर्थाने. मग इतके सगळे देवानेच केले असेल तर भक्ताने तळमळायचे कशासाठी? याचे उत्तर असे की, घरात घेतलेल्या मुलालाही बापाची ओळख हळूहळूच होते. कधी प्रार्थना कोरडी जाते, शब्द नुसते ओठांवर राहतात. स्तोत्रसंहितेपासून चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टिनपर्यंत सगळ्यांनी या कोरडेपणाची तक्रार केली आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर डोळ्यांत भरणारे आहे. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणाने कबूल केले की, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. तो मिळाल्याची खात्री त्यांना पटायला आणखी काही वर्षे गेली. एवढ्या विदुषीने, संस्कृत पंडितांच्या सभा जिंकलेल्या बाईने हे लिहावे, याचे मला फार नवल वाटले. १९०५ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ति सदनातील मुलींमध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली, तिच्या मागे हीच तहान होती.

भंडाऱ्याच्या माझ्या एका वर्गमैत्रिणीचे घर ख्रिस्ती आहे. एकदा तिच्याकडे जेवायला थांबले होते. ताट वाढल्यावर तिच्या वडिलांनी डोळे मिटून प्रार्थना केली. पोथीतील काही म्हणतील असे मला वाटले होते. ते आपले साध्या मराठीत बोलत होते, समोरच्या माणसाशी बोलावे तसे. धानाला पाऊस हवा होता त्याविषयी बोलले, आणि शेवटी आम्हा दोघींच्या परीक्षेचेही नाव घेतले! मला क्षणभर अवघडल्यासारखे झाले. मग आठवले की आमची आजीही विठोबाच्या तसबिरीपुढे असेच बोलते. फरक एवढाच की ती भांडतेही.

टिळकांना हे नाते चांगलेच ठाऊक होते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. वारकऱ्याला मोक्षात विरून जाण्यापेक्षा देव आणि भक्त असे दोघे उरावेत, हेच गोड वाटते. ख्रिस्ती भक्तीही द्वैत सोडीत नाही. तेव्हा टिळकांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउली म्हटले, अभंग रचले, कीर्तने केली. मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते त्यांना परकी वाटत. (मराठीत ख्रिस्ताला आळवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले.) वय वाढले तशी त्यांची ओढ शमली नाही, उलट वाढली. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता आजीचा प्रश्न. बाप्तिस्म्याची बातमी आल्यावर लक्ष्मीबाईंची काय दशा झाली ते मी वाचून दाखवत होते. नवरा जिवंत असून नाही. पदरी लहान मुलगा. माहेरच्यांच्या आधाराने दिवस काढायचे. अशी चार-पाच वर्षे. आजी गप्प ऐकत होती. मग म्हणाली, “ज्या देवासाठी बायको-पोराले सोडा लागते, तो देव जवळ आला का दूर गेला?”

मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. टिळकांची बाजू घ्यायची तर असे म्हणता येईल की त्यांनी बायकोला टाकले नव्हते. समाजाने तिला त्यांच्याकडे जाऊ दिले नाही. ते पत्रे पाठवीत राहिले. पण मला हे पुरेसे वाटत नाही. बाप्तिस्म्यापूर्वीही टिळक वरचेवर घर सोडून निघून जात, हे लक्ष्मीबाईंनीच लिहिले आहे. आणि ज्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना जिंकले, त्यातच ख्रिस्ताने सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे आजीने ख्रिस्ती शास्त्र न वाचता त्याच शास्त्रातला आक्षेप काढला! देवाच्या जवळ जाण्याची वाट माणसाला ओलांडून जात नाही, हे टिळकांना स्वतःला कळायलाही वेळ लागला असावा, असे माझे मत आहे. पुढील आयुष्यात अनाथ मुले घरी आणणारे, हातातले देऊन मोकळे होणारे टिळक पाहिले की तो धडा त्यांनी गिरवला असे वाटते. अर्थात त्या मुलांचे रांधणेवाढणे पुन्हा लक्ष्मीबाईंच्याच गळ्यात, हेही सांगितले पाहिजे.

पण खरे उत्तर टिळकांपाशी नाही, लक्ष्मीबाईंपाशी आहे. त्या नवऱ्याकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. सोवळे सांभाळून त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. (“बरं केलं,” आजी म्हणाली.) मग विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले की जात ही देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. तेव्हा त्यांचे सोवळे आपोआप गळून पडले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना देव पुस्तकाच्या पानावर भेटला. लक्ष्मीबाईंना तो परक्याच्या हातच्या पाण्याच्या भांड्याशी भेटला असे म्हटले तर चालेल. दोघांची ओढ एकच, पण माझ्या मते लक्ष्मीबाईंची वाट अधिक अवघड, कारण ती त्यांना नको असताना सुरू झाली होती.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभिले आणि ते अपुरे राहिले. ज्यांना शाळा माहीत नव्हती, नवऱ्याने घरीच ज्यांना अक्षरे शिकवली, त्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतेक सर्व अध्याय पुढे लिहिले. १९३६ साली त्या गेल्या आणि १९३८ साली ते ग्रंथरूपाने निघाले. हे मी आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे त्याचं राह्यलेलं काम तिनंच केलं ना!” नंतर तिने माझ्याकडून स्वतःचे नाव पाटीवर काढून घेतले आणि चार-पाच दिवस ते गिरवले. सध्या ‘बाई’पर्यंत आली आहे; तिच्या नावातला जोडाक्षराचा भाग तिला जड जातो.

पुस्तक परत करण्याची मुदत गेल्या शनिवारी संपली. टिळकांच्या शेवटच्या आजाराचा भाग वाचायचा राहिला आहे, तेव्हा ग्रंथपालांकडून एक आठवडा वाढवून आण, असे आजीने सांगितले आहे.