रस्त्याकडेचा पालापाचोळा आणि सायकलची वाट

वणीजवळचं राजूर कोळशाच्या खाणीसाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ओळखलं जातं. त्यामुळे इथे सायकलच्या अपघाताचा विषय निघाला की बोट आधी कोळशाच्या ट्रककडे जातं. ते बरोबरच आहे. पण सायकलस्वार ट्रकच्या इतक्या जवळ येतो कशामुळे? बऱ्याचदा त्याची वाट आपणच अडवलेली असते. अंगणातला पाला, छाटलेल्या फांद्या, जुन्या कुंपणाचे काटे असं सारं आपण डांबराच्या कडेला नेऊन टाकतो.

“कडेलाच तर टाकला, मधे थोडाच टाकला?” हा सगळ्यांत पक्का गैरसमज. गाडीवाल्याला जी रस्त्याची कड वाटते, तीच सायकलवाल्याची वाट असते. साधा दुपदरी रस्ता सात मीटरचा, म्हणजे एका बाजूला साडेतीन मीटर. त्यातून सुमारे अडीच मीटर रुंदीचा ट्रक गेला की उरतो जेमतेम एक मीटर. सायकल सरळ रेषेत कधीच चालत नाही, थोडी डुलतेच, त्यामुळे तिला हा मीटरही कमी पडतो. तिथे फांद्यांचा ढीग असला तर आठवीतल्या मुलीपुढे दोनच मार्ग राहतात: डांबर सोडून खाली उतरायचं, नाहीतर ट्रकच्या पुढ्यात यायचं. डांबराची कड अनेक ठिकाणी वीतभर खचलेली असते. खाली उतरलेलं चाक तिरकं वर घ्यायला गेलं की सायकल आडवी होते. शासन मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली देतं. त्या सायकलीला वाट मोकळी ठेवणं आपल्या हातात आहे.

“वाळलेल्या पानांवरून कोण घसरतं?” आपल्याकडे कडुनिंब आणि सागाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते आणि त्याच सुमारास अवकाळी पाऊस येतो. पानावर मेणासारखा थर असतो. वरची पानं उन्हानं वाळतात, खालचा थर ओलाच राहतो. राजूरसारख्या गावात त्यात कोळशाची भुकटी मिसळली की बुळबुळीत चिखल होतो. वळणावर किंवा ब्रेक दाबताना पुढचं चाक एकदा सरकलं की तोल सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय पाल्याखालचा खड्डा दिसत नाही. नालीत ढकललेला पाला पहिल्याच पावसात पाणी तुंबवतो आणि ते पाणी रस्त्यावर येतं.

काट्यांचंही तसंच. बाभळीचा किंवा बोरीचा काटा वाळला म्हणून बोथट होत नाही, उलट अधिक टणक होतो. मागच्या चाकाची हवा गेली तर पायपिटीवर भागतं. पुढच्या चाकाची हवा चालत्या सायकलीत एकदम गेली तर हँडल हातात राहत नाही.

पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग रस्त्याकडेला किंवा बांधावर ठेवण्यात वावगं नाही, असंही अनेक शेतकरी मानतात. इथे नुकसान दुहेरी आहे: रस्ता अडतो आणि पिकालाही धोका होतो. झाडावर राहून गेलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. 2017 सालचा तिचा तडाखा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. पऱ्हाटी यंत्रानं बारीक करून खतात घालणं हा चांगला उपाय आहे. त्यानं पिकाचा धोका कमी होतो आणि रस्ताही मोकळा राहतो.

“मग जाळून टाकू.” नाही. धुरात समोरून येणारी सायकल दिसत नाही, आणि उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्येच दिला आहे.

“हे नियम शहरासाठी, आपली तर ग्रामपंचायत.” राजूरकरांनी हे नीट समजून घ्यायला हवं. कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी जनगणनेत राजूरची नोंद ‘जनगणना शहर’ अशी आहे. बहुतेक पुरुष कामगार शेतीबाहेर काम करतात अशा मोठ्या, दाट वस्तीच्या गावांना हा दर्जा मिळतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी अशी गावं आपल्या कक्षेत घेतली. बागेचा कचरा वेगळा आणि स्वतःच्या आवारात ठेवायचा, रस्त्यावर टाकायचा नाही, असं त्या नियमांत स्पष्ट सांगितलं होतं. सार्वजनिक वाटेवर अडथळा वा धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र नुसत्या दंडानं रस्ता साफ होत नाही. घंटागाडीत लांब फांद्या मावत नाहीत, म्हणून लोक त्या कडेला टाकतात. ही त्यांची खरी अडचण आहे. पानगळीच्या आणि पावसाळ्याआधीच्या छाटणीच्या दिवसांत ग्रामपंचायतीनं वारानुसार एकेका वॉर्डात ट्रॅक्टर-ट्रॉली फिरवावी आणि आदल्या दिवशी दवंडी द्यावी. लोकांनी फांद्या हातभर लांबीच्या तोडून, मोळी बांधून फाटकाच्या आत ठेवाव्यात आणि ट्रॉली दारात आल्यावरच बाहेर काढाव्यात. काट्यांची मोळी वेगळी करावी. ट्रॉली हलली की मागे सांडलेले काटे त्याच वेळी झाडून घ्यावेत. पाला तर बाहेर काढायचंही कारण नाही. परसात खड्डा करून पाला आणि शेण यांचे थर द्यावेत, ओल टिकवावी, अधूनमधून उलथापालथ करावी. काही महिन्यांत खत तयार होतं.