रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे चांगलं की वाईट? एकाच इंग्रजी शब्दाचे किती अर्थ, घ्या समजून

तालुका प्रतिनिधी : ग्रामीण रुग्णालयाबाहेर लिंबाच्या सावलीत एक सासूबाई सुनेची फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या. शेजारच्या आशाताईंना त्या हळूच विचारतात, “ताई, हिचं रक्तच निगेटिव्ह निघालं म्हणं. आमच्या घरात तर समद्यांचं पॉझिटिव्ह हाय. आता कसं करायचं?” सून मान खाली घालून बसलेली. जणू तिनंच काही चूक केली.

कुठल्याही तालुक्याच्या गावी हे चित्र दिसतं. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे शब्द आता पार वाडी-वस्तीवर पोचलेत. कोरोनाच्या काळात पॉझिटिव्ह म्हटलं की गल्ली सील व्हायची. त्याच काळात मोबाईलवर रोज सकाळी ‘पॉझिटिव्ह राहा’ असे मेसेजही यायचे. मग हा शब्द चांगला की वाईट? उत्तर असं, की तो चांगलाही नाही आणि वाईटही नाही. कशाबद्दल बोललं जातंय, त्यावर सगळं अवलंबून असतं.

शब्दाचं मूळ काय?

हा शब्द लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात त्याचा अर्थ ‘ठेवलेलं, ठरवून दिलेलं’ असा. त्यावरून ‘पक्कं, नक्की’ हा अर्थ आला आणि पुढं ‘जे आहे ते’ असाही वापर सुरू झाला. ‘चांगलं, आशेचं’ हा आज आपल्या तोंडात असलेला अर्थ त्या मानानं अलीकडचा. १९५२ साली अमेरिकेत नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’ हे पुस्तक निघालं आणि ‘पॉझिटिव्ह विचार’ हा शब्दप्रयोग जगभर गाजला.

लॅबवाला मात्र ‘आहे’ याच अर्थानं हा शब्द वापरतो. तपासणीत जे शोधत होते ते सापडलं, की पॉझिटिव्ह. नाही सापडलं, की निगेटिव्ह. सापडलेली गोष्ट आनंदाची की काळजीची, हे त्या शब्दात नसतं.

एकाच फाईलमध्ये तीन पॉझिटिव्ह

आता त्या सुनेचीच फाईल बघू. पहिल्या पानावर लघवीची तपासणी, पॉझिटिव्ह. म्हणजे गर्भ राहिल्यावर शरीरात तयार होणारं हार्मोन सापडलं. ज्यांना मूल हवंय त्यांच्यासाठी ही पेढ्याची बातमी. घरी किटवर तपासताना ‘सी’ आणि ‘टी’ अशा दोन्ही रेषा आल्या तर पॉझिटिव्ह. दुसरी रेषा फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरतात. ‘सी’ची रेषाच आली नाही तर ते किट बाद, दुसरं घ्यायचं.

पुढच्या पानावर रक्तगट. सुनेचा ‘ओ निगेटिव्ह’, नवऱ्याचा ‘ओ पॉझिटिव्ह’. इथं आजाराचा काही संबंध नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींवर एक ठराविक घटक काहींच्या असतो, काहींच्या नसतो. त्याला आरएच म्हणतात. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर या शास्त्रज्ञांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या रक्तावर काम करताना तो शोधला, म्हणून हे नाव. घटक असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. आपल्याकडं बहुतेकांचा रक्तगट पॉझिटिव्ह असतो आणि निगेटिव्हवाले थोडे. निगेटिव्ह रक्त ‘कमजोर’ नसतं, ‘खराब’ही नसतं. डोळे घारे असावेत तसंच हे, जन्मापासूनचं.

काळजी घ्यायची ती एवढ्याचसाठी, की आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात किंवा गर्भपातात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्या घटकाला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप जन्मतं. पण पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं तर या अँटिबॉडी त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला जोराची कावीळ होते, रक्त कमी होतं, कधी ते पोटातच दगावतं. मग गावात म्हणतात, ‘पहिलं बरं झालं, पुढं टिकंना.’ आणि दोष बाईवर येतो.

यावर ‘अँटी-डी’ नावाचं इंजेक्शन आहे. साधारण २८व्या आठवड्यात एक देतात. बाळंत झाल्यावर बाळाचा रक्तगट तपासतात आणि तो पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. गर्भपात झाला तरी या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायचं. हे पुष्कळ घरांत राहून जातं.

तिसरं पान कुम्ब्स टेस्टचं. आईच्या रक्तात त्या अँटिबॉडी आधीच तयार झाल्यात का, हे यात बघतात. इथं पॉझिटिव्ह आलं तर ती धोक्याची सूचना. अँटिबॉडी एकदा तयार झाल्यावर अँटी-डीचा उपयोग होत नाही. मग बाळावर बारीक लक्ष ठेवावं लागतं आणि मोठ्या रुग्णालयात नाव घालावं लागतं.

म्हणजे फाईल एकच, शब्द एकच. पहिल्या पानावर आनंद, दुसऱ्यावर नुसती माहिती आणि तिसऱ्यावर इशारा. वर डॉक्टर जाताना म्हणणार, “घाबरू नका, पॉझिटिव्ह राहा!” तो चौथा अर्थ.

सिकलसेल : पॉझिटिव्ह म्हणजे लगेच रुग्ण नाही

नंदुरबार, गडचिरोलीसह आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी केली जाते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणाऱ्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलं, की ‘याला आजार आहे’ असं गावभर होतं. पण ही टेस्ट वाहक आणि रुग्ण यांच्यातला फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते. रिपोर्टवर ‘एएस’ असेल तर वाहक. तो बहुधा ठणठणीत असतो, शेतातली कामं करतो. ‘एसएस’ असेल तर रुग्ण, त्याला कायम औषधोपचार लागतात.

लग्न ठरवताना हे कळणं गरजेचं. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळ ‘एसएस’ होण्याची शक्यता चारात एक. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर बाळ ‘एसएस’ होत नाही. म्हणून नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर सोयरीक मोडायची घाई नको.

पहिला रिपोर्ट शेवटचा नसतो

एचआयव्हीचंही तसंच. एका किटवर रिपोर्ट आला म्हणून शिक्कामोर्तब होत नाही. सरकारी आयसीटीसी केंद्रात वेगवेगळ्या किटवर तपासून मगच पक्कं सांगतात. तपासणी मोफत असते आणि नाव गुप्त ठेवतात. माहितीसाठी १०९७ हा मोफत नंबर आहे. पक्का पॉझिटिव्ह आला तरी औषधं चालू ठेवली तर माणूस काम करत, संसार करत जगतो. आईनं वेळेत औषधं सुरू केली तर बाळ निगेटिव्ह जन्मू शकतं.

उलटही ध्यानात ठेवावं. निगेटिव्ह म्हणजे ‘काहीच नाही’ असं दरवेळी नसतं. डेंग्यूची एनएस-१ तपासणी तापाच्या पहिल्या काही दिवसांत उपयोगी पडते, उशिरा केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. लागण नुकतीच झाली असेल तर एचआयव्हीही लगेच सापडत नाही. ताप हटत नसेल तर रिपोर्ट खिशात ठेवून घरी बसू नये, डॉक्टरकडं परत जावं.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरचं पॉझिटिव्ह

बॅटरीवर अधिक आणि वजा अशा खुणा असतात. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात विजेला ही नावं दिली. त्यांच्या मते जिथं वीज जास्त ते पॉझिटिव्ह, जिथं कमी ते निगेटिव्ह. पुढं १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, तर तो निघाला निगेटिव्ह! तारेतून वाहतात ते इलेक्ट्रॉन वजाकडून अधिककडं. पण नावं रुळली होती, ती तशीच राहिली.

आपल्या कामाचं एवढंच : बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडायची, बसवताना आधी पॉझिटिव्ह जोडायची. कारण निगेटिव्ह ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते. उलटसुलट जोडलं तर अल्टरनेटरला फटका बसतो.

मराठी शाळेच्या पुस्तकात याला ‘धन’ आणि ‘ऋण’ म्हणतात. धन म्हणजे पैसा, ऋण म्हणजे कर्ज. त्यामुळं धन चांगलं आणि ऋण वाईट, असं आपल्या मनात आपोआप बसतं. बॅटरीला मात्र दोन्ही टोकं लागतात, एकावर सेल्फ फिरत नाही.

बँकेत आणि शाळेतही

मोठ्या रकमेचा चेक दिला की बँक ‘पॉझिटिव्ह पे’ विचारते. १ जानेवारी २०२१ पासून ही सोय सुरू झाली. ५० हजार आणि त्यापुढच्या चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम खातेदारानं आधी बँकेला कळवायची, म्हणजे खाडाखोड केलेला चेक पकडला जातो. इथं पॉझिटिव्ह म्हणजे ‘खात्री केलेलं’. आणि दहावीच्या पोराच्या इंग्रजी व्याकरणातली ‘पॉझिटिव्ह डिग्री’ म्हणजे तुलना न करता वापरलेलं साधं विशेषण.

रिपोर्ट हातात आला की हे विचारा

• कशाची तपासणी होती? काय सापडलं, काय नाही?
• हा रिपोर्ट पक्का, की अजून एक तपासणी करायची?
• आता करायचं काय, आणि किती दिवसांत?
• रक्तगट निगेटिव्ह असलेल्या गरोदर बाईसाठी : अँटी-डी कधी आणि कुठं मिळेल?

त्या सासूबाईंना आशाताईंनी एवढंच सांगितलं, “आक्का, रक्त चांगलंच हाय. फक्त सुई चुकवायची नाही.” सासूबाईंनी तारीख फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून घेतली आणि सुनेला म्हणाल्या, “चल गं, चहा घेऊ आधी.”