पालकांचे बळ आणि हायस्कूल

अकोला-वाशीम मार्गावरील मेडशीसारख्या गावात हायस्कूलला पालकांचा आधार मिळतो तो मुख्यतः शिक्षक-पालक संघातून, म्हणजे सर्व शिक्षक व पालक ज्याचे सदस्य असतात अशा मंडळातून. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांमध्ये हा संघ अनिवार्य केला असून, त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक सोडतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. मुख्याध्यापक अध्यक्ष आणि एक पालक उपाध्यक्ष असतो. शाळा व्यवस्थापन समिती मात्र निराळी: ती 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातून आली, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि तो कायदा आठवीपर्यंतच्याच शिक्षणाला लागू असल्याने नववी-दहावीच्या प्रश्नांसाठी संघाचे महत्त्व वाढते.

कायद्याहून अवघड असते ती वेळ. जूनअखेरीस शाळा उघडते तेव्हाच सोयाबीनची पेरणी चालू असते, आणि ऑक्टोबरात सोंगणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवली, तर सतरंजी अंथरूनही ती रिकामीच राहते. मग ठराव मूठभर नोकरदार पालकांचेच होतात. सायंकाळच्या सभेला मजूर आईही येऊ शकते, आणि एसटी चुकल्याने मुलीचा पहिला तास का बुडतो, हे तिच्याइतके नेमके हजेरीपट सांगत नाही.