पाठीवरची मोहोर

रुप्याच्या चमच्याची परीक्षा करू इच्छिणाराने तो प्रथम पालथा घालावा. कारण ज्या बाजूने तो पंक्तीत मिरवतो ती बाजू केवळ घाट आणि नक्षी दाखविते, परंतु तो कोणी घडविला, कोठे पारखला गेला आणि सरकारदेणे चुकते झाले की नाही, ही सारी हकीकत दांड्याच्या मागील अंगास, तांदळाच्या दाण्याएवढ्या ठशांत नोंदलेली असते. इंग्रजी चमच्यावरील चालता सिंह म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध रुपे असल्याची हमी. बिबट्याचे मुख लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा, जुना मुकुट शेफील्डचा. शेजारी वर्षाचे अक्षर, घडविणाराची आद्याक्षरे, आणि १७८४ ते १८९० या काळातला नग असल्यास राजाचे वा राणीचे मस्तक, म्हणजे जकात भरल्याचा दाखलाच. १७८० च्या सुमारापर्यंत हे ठसे वाटीजवळ, दांडा जेथे सर्वांत अरुंद असतो तेथे मारीत. दबलेला दांडा कारागीर पुन्हा ठोकून सरळ करी आणि त्या ठोकाठोकीत बिचारा सिंह चेपून जाई. म्हणून तेथे चेपलेला सिंह आढळला तर पारखी हिरमुसत नाही. त्याला चमच्याचे वय कळलेले असते.

खरी गंमत मुलाम्याच्या चमच्यांत आहे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी १८४० साली विजेच्या साहाय्याने मुलामा चढविण्याच्या कृतीची सनद मिळविली, आणि तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रणावर, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो पण ज्यात चांदीचा अंशही नसतो, रुप्याचा पातळ थर देणे सोपे झाले. अशा चमच्यांवर ई, पी, एन, एस ही अक्षरे एकेका स्वतंत्र ढालीत अशा ऐटीने कोरलेली असतात, की उतावळ्या नजरेस तेथे सिंह आणि नांगरच दिसावेत. ही तोतयेगिरीच, पण कोणत्याही न्यायासनापुढे टिकेल अशी, कारण ती अक्षरे मुलाम्याची स्पष्ट कबुलीच देत असतात! अंधेरी-बोरिवलीच्या एखाद्या जुन्या गावठाणातील घरातून असा चमचा निघालाच, तर वाटीचा तळ जेथे मेजाला घासतो ती जागा पाहावी. मुलामा तेथे प्रथम झिजतो आणि आतला पिवळसर धातू डोकावतो.

हिंदुस्थानात मात्र इंग्रजी अमलातही तशी सरकारी पारख नव्हती. कलकत्त्याचे हॅमिल्टन हत्तीचा ठसा मारीत, मद्रासचे पी. ऑर आपले नाव घालीत. भुजचे उमरसी मावजी, ज्यांचे दाट वेलबुट्टीचे काम विलायतेतही वाखाणले गेले, त्यांची ओळख ‘ओ. एम.’ ही दोन अक्षरे आणि गावाचे नाव. येथे शिक्का म्हणजे कारागिराने स्वतःच स्वतःला राहिलेला जामीन. घाटकोपर-मुलुंडच्या कच्छी कुटुंबांना हा व्यवहार नवा वाटणार नाही. सराफाच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या रुपे घेतले गेले ते याच न्यायाने.

तो जामीन आता सरकारने पत्करला आहे. भारतीय मानक ब्यूरोचे पश्चिम विभागाचे दफ्तर अंधेरी पूर्वेस मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, ‘मानकालय’ नामक इमारतीत आहे; चांदीसाठी ब्यूरोची हॉलमार्क योजना २००५ पासून चालू असून ती ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या नगावर ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख उमटते. या तीन चिन्हांत घडविणाराच्या आद्याक्षरांना जागा नाही; सराफाचे नाव हवे असल्यास तो सहा अक्षरांकांचा संकेत मोबाइलवर घालून ते विचारावे लागते. शुद्धतेची खात्री यामुळे पूर्वीपेक्षा पक्की झाली यात संशय नाही. पण पुढे शंभर वर्षांनी कोणी आजचा चमचा पालथा घालील, तेव्हा ते दफ्तर उघडे असले तरच त्याला आपल्या सराफाचे नाव कळेल.